खिन थिदाचं कार्ड

कार्डाचा कोपरा कापायला त्या कारकुनाला दोन क्षणही लागले नाहीत. कापलेला तिकोनी तुकडा त्यानं टेबलावरून फुंकर मारून खाली पाडला आणि उरलेलं परदेशी मजुराचं गुलाबी कार्ड काचेखालच्या फटीतून परत सरकवलं. "हे बाद झालंय," तो म्हणाला. "तीन महिन्यांपूर्वी हरवलं म्हणून अर्ज दिलास, बदली कार्ड घेऊन गेलीस, आणि आज मुदत वाढवायला परत हेच आणतेस? सापडलं तर सापडलं म्हणून सांगायचं होतंस ना. जा, नवीन घेऊन ये." सान यीनं तोंडावरच्या फडक्याआडून "हो, विसरलेच" असं काहीतरी म्हटलं. कारखान्यात दिवसभर तोंडाला फडकं बांधायची सवय, तीच आज उपयोगी पडली. कारकून पुढच्या माणसाचे कागद घेण्यासाठी वळला आणि संगणकाचा पडदा तसाच उजळलेला राहिला. त्यावर खिन थिदा हे नाव होतं. लिहिता-वाचता येत नसलं तरी ह्या नावाचा आकार सान यीला आठ वर्षांत पाठ झाला होता. नावाशेजारी एका बाईचा फोटो होता. रुंद कपाळ, मोठे कान, फोटो काढणाऱ्यावर जराही विश्वास नसल्यासारखी नजर. सान यीनं तो चेहरा आयुष्यात पाहिला नव्हता, तरी आत कुठंतरी तिला तो ओळखीचा वाटला. आपल्याला पाहून ती बाई ओळखेल की काय, असंही तिला वाटून गेलं आणि ती घाईनं खिडकीपासून बाजूला झाली.

कचेरीच्या पायऱ्यांवर ऊन होतं आणि खाडीकडून सुकत घातलेल्या मासळीचा वास येत होता. महाचायच्या थाई बंदरात तो वास कुणाला येत नाही, पण आज सान यीला आला. आठ वर्षांपूर्वी सरहद्दीपलीकडच्या दवेहून जंगलाच्या वाटेनं ती इथं आली त्या दिवशीही असाच आला होता. तेव्हा ओयनं प्लास्टिकच्या पिशवीतून एक कार्ड काढून तिच्या हातावर ठेवलं होतं. ओय म्हणजे दलालीण. आई पलीकडची मोन, बाप थाई, आणि जीभ दोन्हीकडची. "आजपासून तू खिन थिदा," ओय म्हणाली होती. "ती गेली गावाला आईचं करायला, यायची नाही परत. तुमच्यात काय, आडनाव नाही, बापाचं नाव नाही. नावं म्हणजे तुमच्या अंगातले सदरे. हा घाल." आणि सान यीनं घातला. खरंच आपल्यात एवढं काय असतं नावाचं! आजारातून उठलं की नाव बदलतात, धंदा बुडाला की बदलतात. तिच्या स्वतःच्या काकानं तीनदा बदललं होतं. महिन्याभरात कोळंबीच्या कारखान्यात सगळे तिला थिदा म्हणायला लागले, दोन महिन्यांत ती त्या हाकेला वळून बघायला लागली. एकदा कचेरीतली माणसं ठसे घ्यायला कारखान्यात आली होती. पण बर्फाच्या पाण्यात रोज बारा तास कोळंबी सोलणाऱ्या बाईच्या बोटांवर रेषा राहतात कुठं? यंत्र नुसतंच लाल दिवा लावत राहिलं. शेवटी साहेबानं "ठसा अस्पष्ट" असं लिहून तिला उठवलं. पुढं दर वेळी ओय सगळ्यांची कार्डं गठ्ठ्यानं न्यायची, गठ्ठ्यानं आणायची. ह्या वर्षीच कुठून नियम निघाला, की ज्यानं त्यानं स्वतः यायचं. आणि मधल्या काळात प्लोय झाली. इस्पितळातल्या परिचारिकेनं कार्ड मागितलं, सान यीनं कळा सोसत ते उशीखालून काढून दिलं. जन्मदाखल्यावर आई म्हणून नाव लागलं ते खिन थिदाचं. तेव्हा तिला त्यात काही वाटलं नव्हतं. उलट मुलीला दाखला मिळाला, इस्पितळ मिळालं, पुढं शाळा मिळाली म्हणून ती खूश होती. आज पायऱ्यांवर उभी असताना तिला पहिल्यांदा त्याचा अर्थ कळला. कागदाच्या दृष्टीनं प्लोय त्या रुंद कपाळाच्या बाईची मुलगी होती. उद्या ती बाई दारात उभी राहिली आणि माझी पोर द्या म्हणाली, तर सान यीजवळ दाखवायला काय होतं? पोटावरचा व्रण? तो तर कुणाच्याही पोटावर असतो.

ती चालत निघाली. बाजारातून जाताना ओळखीच्या मासेवालीनं हाक मारली, "थिदा, आज सुट्टी वाटतं?" आणि सान यीला वाटलं, ही असं का विचारतेय? सुट्टी आहे का नाही, हिला काय करायचंय? कुठंतरी पाणी मुरत होतं. फोटोतली बाई आपण होऊन परत येणार नाही. आठ वर्षं नाही आली, मग आत्ताच का, मुदत संपायच्या तीन महिने आधी? कुणीतरी तिला कळवलं असणार. कोण? ओय, एकच कार्ड दोनदा विकायला कमी न करणारी? की मा ठ्वे, जी त्यांच्याच खोलीत पडद्यापलीकडे राहते, मूल नाही म्हणून प्लोयला ऊठसूट कडेवर घ्यायची, आणि एकदा भर दुपारी म्हणाली होती, "पोर तुझ्यावर नाही गेली गं"? तेव्हा सान यी हसली होती. आता तिला ते हसू आठवून स्वतःचाच राग आला. आणि ते देवळातलं? मुदत संपत आली म्हणून चैत्याला पाणी घालायला ती गेली होती, ज्याच्या त्याच्या जन्मवाराच्या कोपऱ्यात घालतात तसं. ज्योतिष्यानं वार विचारला. सान यी मंगळवारची. पण काम कार्डाचं होतं, म्हणून तिनं हिशेबीपणानं कार्डावरच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून निघणारा वार सांगितला, सोमवार, आणि त्या वाराच्या वाघाच्या मूर्तीवर वयाइतके पेले ओतून म्हणाली होती, खिन थिदाचं सगळं सुखरूप होऊ दे, तिचा मुक्काम इथंच राहू दे. आता काय म्हणायचं? नवस चुकीच्या पत्त्यावर गेला होता आणि तिथं तो बिनबोभाट पावला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. सान यीला त्या दिवशी भर उन्हात सगळीकडे चांदणंच दिसत होतं.

ओयनं तिसऱ्या वेळी फोन उचलला. "माझ्यावर कशाला ओरडतेस? ती माझ्याकडं आली नव्हती, सरळ कचेरीत गेली," ती म्हणाली. "तिचं नाव, तिची बोटं. मी काय तिचा हात धरू?"

"मग माझ्या मुलीच्या दाखल्याचं काय? आईचं नाव बदलून मिळेल?"

"मिळेल की. जा आणि सांग, मी आठ वर्षं दुसरीच्या कार्डावर राहिले, इस्पितळाला फसवलं, शाळेला फसवलं. आधी तुरुंग, मग सरहद्द. पोर इथं, तू तिथं. करायचंय?" ओयचा आवाज जरा उतरला. "ऐक. पुढच्या आठवड्यात बिनकागदवाल्यांची नोंदणी उघडतेय. पंधरा दिवस. काल आल्यासारखी जा, तुझ्या खऱ्या नावानं नवीन कार्ड घे. नाव आहे ना आठवणीत? आणि हे सगळं तुझ्या नवऱ्याला मी महिन्यापूर्वीच सांगितलंय, त्यानं नाही का सांगितलं?"

नाही, त्यानं सांगितलं नव्हतं. मिन लाट बर्फाच्या कारखान्यातून आला, अंगावर पाणी घेतलं, लुंगी बदलून जेवायला बसला, आणि सान यी त्याच्याकडे बघत राहिली. गावापासूनचा नऊ वर्षांचा संसार, पण हा भात कालवताना करंगळी बाजूला धरतो, हे तिला आजच दिसलं. गेले चार रविवार तो मित्राकडे म्हणून जात होता. कुठल्या मित्राकडे? कागदावर ह्याची बायको कोण होती? प्लोयच्या दाखल्यावर बाप मिन लाट, आई खिन थिदा. दोघांची नावं शेजारी शेजारी, आणि सान यी त्या कागदावर कुठंच नाही.

"ती परत आलीय हे तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

घास घेऊन तोंडापर्यंत गेलेला हात थांबला. "कुणी सांगितलं?"

"कुणी सांगितलं ते सोडा. चार रविवार कुठं जाता?"

"तिलाच भेटायला गेलो होतो. एकदा. बाकी तीनदा तिनं भेट नाही दिली." त्यानं घास परत ताटात ठेवला. "हात जोडले तिच्या. म्हटलं, कार्ड नेलंस ते ने, पण पोरीच्या कागदाला हात लावू नकोस. तुला सांगितलं असतं तर तू झोपली नसतीस."

"मी झोपावं म्हणून तुम्ही परक्या बाईच्या दारात जाऊन बसता होय? आणि ती काय म्हणाली?"

"म्हणाली, बघते."

"बघते म्हणजे?"

"मला काय ठाऊक! बायकांचं 'बघते' म्हणजे काय असतं ते तूच सांग." तो चिडला होता, किंवा चिडल्यासारखं करत होता. पडद्यापलीकडे मा ठ्वेचा पंखा घुरघुरत होता. एरवी ती ह्या वेळेला फोनवर गाणी लावते, आज लावली नव्हती. पडद्याच्या अलीकडे प्लोय जमिनीवर पालथी पडून शाळेची वही भरत होती. थाई अक्षरं, एकाखाली एक, गोल गोल. आपल्या मुलीच्या हाताखालचं एक अक्षरही आपल्याला वाचता येत नाही, हे सान यीला रोजचंच होतं. आज तिला वाटलं, ही काय लिहितेय?

खिन थिदा, मिन लाटनं सांगितलं तशी, मासळीचे गोळे करणाऱ्या एका लहान कारखान्यात लागली होती. जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या गल्लीत उकिडवी बसून मोहिंगा, माशाच्या सारातल्या शेवया, खात होती. तेच कपाळ, तेच कान. सान यीनं मनात वाक्यं जुळवून आणली होती, काही गयावया करणारी, काही दम देणारी. पण त्या बाईनं वर बघितलं आणि आधीच म्हणाली, "तूच ना मी?"

सान यीला हसू आलं आणि त्या हसण्याचा राग आला. "बसू?" तिनं विचारलं.

"बस. जागेला कार्ड लागत नाही." खिन थिदानं वाटी खाली ठेवली. "तुला सांगते, त्या खिडकीत माझी बोटं एका झटक्यात लागली. आठ वर्षं रबराच्या झाडांत काम केलं, रेषा परत उगवल्या माझ्या. कारकून म्हणाला, अभिनंदन बाई, मुलगी सात वर्षांची झाली असेल. मी म्हटलं, कुणाची? माझं लग्नसुद्धा झालं नाही! इस्पितळात पोट दुखतंय म्हणून गेले तर डॉक्टरीणबाई विचारतात, पहिलं बाळंतपण अवघड गेलं होतं ना? मी काय सांगू? हो म्हणाले. टाके कुठायत म्हणाल्या. मी लुंगी घट्ट धरून पळत आले."

"मी मुद्दाम नाही केलं."

"मुद्दाम कोण करतं! ओयनं मला सांगितलं होतं, कार्ड जपून ठेवते." तिनं वाटीतलं उरलेलं सार पिऊन टाकलं. "जो माणूस माझ्याशी लग्न करणार होता, त्यानंही ऐकलं कुठूनसं. आता म्हणतो, मुलगी लपवलीस, अजून काय काय लपवलंयस? तू नवऱ्याला पाठवलंस गयावया करायला. तेही त्यानं बघितलं. आता सांग, मी कुणाकुणाला काय पटवू?"

मिन लाटला आपण पाठवलं नव्हतं, हे सांगून तरी काय उपयोग? सान यीला त्या बाईची दया आली, आणि त्याच वेळी ती मनात हिशेब करत होती, की लग्न मोडलेली, मूल नसलेली, चाळिशीला टेकलेली बाई. हिला आयती सात वर्षांची मुलगी नको का वाटणार? हिच्या आवाजात एवढा गोडवा का? "शाळेत दर वर्षी आईची सही लागते," ती ताकाला जाऊन भांडं न लपवता म्हणाली. "कार्डाच्या प्रतीसकट. सोमवारपर्यंत नाही दिली तर नाव काढतील."

"देईन सही."

"किती?"

"किती म्हणजे काय? मासळी विकतेय का मी?" खिन थिदाचा चेहरा पहिल्यांदा कठीण झाला. "सही देईन, ताप आला तर इस्पितळातही येईन. पण मला एकदा बघू दे तिला. सगळी सरकारं म्हणतायत माझी आहे, तर तोंड तरी बघू दे. आणि तू माझ्यासाठी देवळात पाणी घातलंस म्हणे, नवरा सांगत होता तुझा. कुठल्या वाराला?"

"सोमवारच्या."

"मी शुक्रवारची. आईनं नियम मोडून नाव ठेवलं." ती मोठ्यांदा हसली. सान यी हसली नाही. मग त्या पाण्याचं पुण्य गेलं कुणाच्या खात्यावर, असा एक वेडा विचार तिच्या मनात आला.

रविवारी ती प्लोयला घेऊन गेली. मनात होतं, की पाच मिनिटं उभं राहायचं आणि निघायचं. हात धरूनच ठेवायचा. खिन थिदानं पोरीला जवळ ओढलं नाही, पापा घेतला नाही. नुसती लांबून बघत राहिली आणि म्हणाली, "कान माझ्यासारखे नाहीत, बरं झालं." प्लोयनं विचारलं, ह्या कोण? सान यी म्हणाली, "मावशी." घरी येताना प्लोयनं दोनदा मागं वळून बघितलं, आणि सान यीनं दोन्ही वेळा ते मनात नोंदवून ठेवलं. रात्री ती मिन लाटला हलक्या आवाजात सगळं सांगत बसली: सही मिळाली, पण ही बाई का देतेय सही, दर वर्षी देईल कशावरून, पोर मोठी झाली आणि तिनं कागद बघितला तर कुणाला आई म्हणेल. मिन लाट म्हणाला, हळू बोल. पडद्यापलीकडे मा ठ्वे खोकली. पोर झोपली होती. म्हणजे तिचे डोळे मिटलेले होते.

नोंदणीच्या मांडवात पाचशे माणसं होती, सगळी काल आल्यासारखा चेहरा करून बसलेली. सान यीनं तोंडावरचं फडकं घरी ठेवलं होतं आणि गालांना गावाकडचा थनाखाचा लेपही लावला नव्हता. स्वतःचं नाव सांगायचं तर चेहराही स्वतःचाच हवा, असं तिला वाटलं होतं. फॉर्म थाईत होता. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी कुणाला तरी बरोबर आणावं, अशी सूचना भोंग्यावरून होत होती. लिहून देणारे दलाल मांडवाच्या तोंडाशी उभे होते, पण दलालाच्या हाताचं अक्षर आता सान यीला नको होतं. मा ठ्वेवर भरवसा नव्हता, मिन लाट कामावर होता. शाळेला सुट्टी होती. तिनं प्लोयला आणलं. प्लोय खुर्चीवर पाय मुडपून बसली, पेन्सिल दातांत धरली आणि एकेक रकाना मोठ्यांदा वाचून भरू लागली. नाव? सान यी. किती वर्षांनी ते नाव कुणीतरी तोंडानं उच्चारलं होतं, आणि तेही मुलीनं, हसत हसत, खेळातल्यासारखं. जन्मवर्ष? गाव? केव्हा आलात? "गेल्या महिन्यात लिही," सान यी म्हणाली. प्लोयनं मान वर करून बघितलं, काही बोलली नाही, लिहिलं. लग्न झालंय का? "नाही लिही." लिहिलं. मग तिची पेन्सिल थांबली. "इथं विचारलंय, मुलं किती. नावं आणि वयं," ती म्हणाली आणि खूश होऊन स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर काढायला लागली. सान यीनं तिचं मनगट धरलं. काय सांगायचं होतं तिला? शब्द तयार होते, गेले दहा दिवस तिनं ते तोंडात घोळवले होते: ही नुसती कागदाची गोष्ट आहे, कागद वेगळा, माणूस वेगळं. पण सात वर्षांच्या पोरीकडे बघून त्यातला एकही बाहेर पडेना. प्लोयनं आईकडे बघितलं, मग फॉर्मकडे बघितलं. मनगट सोडवून घेतलं. खोडरबरानं ते अक्षर पुसलं, बोटानं कचरा झटकला आणि त्या जागी एक शून्य काढलं. बाईंनी शिकवलं असेल तसं, स्वच्छ, नीट मिटलेलं.

टेबलापलीकडची अधिकारी बाई वयस्क होती, चष्म्यातून बघणारी. तिनं फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. मधे विचारलेल्या दोन प्रश्नांना सान यीनं नखांकडे बघत थाईत उत्तरं दिली. "महिन्याभरात बरंच थाई कळायला लागलंय तुला," बाई म्हणाली. मग बाईनं प्लोयकडे बोट केलं. "आणि ही कोण गं? अक्षर हिचंच ना? मुलं नाहीत म्हणतेस तू."

सान यीनं तोंड उघडलं, पण त्याआधीच प्लोय बोलली. तिच्या शाळेतल्या थाईत, एकाही शब्दाला न अडखळता. "माझ्या आईचं नाव खिन थिदा. ती मासळीच्या गोळ्यांच्या कारखान्यात कामाला आहे. ह्या आमच्या शेजारी राहतात. ह्यांना वाचता येत नाही म्हणून आईनं मला पाठवलंय."

कुणी शिकवलं हिला? मिन लाटनं? मा ठ्वेनं? रविवारी आपली नजर चुकवून त्या बाईनं? एकामागून एक सगळे चेहरे सान यीच्या डोळ्यांपुढून गेले आणि एकावरही संशय टिकेना. अख्खं घर एका खोलीचं, मध्ये एक कापडी पडदा. कागद वेगळा, माणूस वेगळं, हे तिनं जिथं बसून घोळवलं होतं, तिथंच ही पोर डोळे मिटून पडलेली असायची. शिकवणारी दुसरी कुणी नव्हती.

अधिकारी बाईचा चेहरा मऊ झाला. तिनं खण उघडून एक गोळी काढून प्लोयला दिली, फॉर्मवर शिक्का मारला आणि म्हणाली, "शेजारीपाजाऱ्यांची कामं करतेस होय? गुणाची आहेस."

प्लोयनं दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि मग हळूच सान यीकडे बघितलं, उत्तर बरोबर आलं का म्हणून बघावं तसं. काहीतरी बोलायला हवं होतं. गप्प राहिलेल्या शेजारणीचा संशय आला असता.

"गुणाची आहे हो पोर," सान यी म्हणाली. "चांगलं वळण लावलंय तिच्या आईनं."